काखमांजरी

मैत्रिणींनो, गेल्या खेपेला पावसाळ्यात डाळी-कडधान्यं कशी सांभाळावीत यावर लिहिलं होतं. त्याचाच पुढचा भाग या वेळी द्यायचा माझा विचार होता. पण तो बाजूला ठेवतेय. वर्षभर मनात घोळत असलेली एक गोष्ट आज सांगून टाकते. सांगायला थोडा संकोच वाटतो, कारण विषय काखेतल्या गाठीचा आहे, आणि असल्या जागच्या दुखण्यांबद्दल आपण बायका आपसांतसुद्धा मोकळेपणी बोलत नाही. तेच तर चुकतं.

गेल्या श्रावणातली गोष्ट. नागपंचमीला मी सातारहून सांगलीला माहेरी गेले होते. माझी आई गावभागातल्या जुन्या घरात एकटी राहते. भाऊ विश्रामबागेत फ्लॅटमध्ये असतो. ‘ये इकडे’ म्हणून तो किती वर्षं मागे लागलाय, पण बाईसाहेब कृष्णाकाठ सोडायला तयार नाहीत. सोबतीला काय, तर मनी. ही मनी २०१९ च्या महापुरात आमच्याकडे आली. ऑगस्टात पाणी चढत गेलं, तेव्हा कुठून तरी भिजून चिंब झालेली ती जिन्याच्या वरच्या पायरीवर येऊन बसली. पाणी ओसरलं, गाळ काढून झाला, पण ती काही गेली नाही. आईनेही तिला ‘जा’ म्हटलं नाही. तर या मनीला माळ्यावर तीन पिल्लं झालेली होती, अडीच-तीन महिन्यांची, नुसता धुमाकूळ घालणारी.

पाटावर नाग काढला, लाह्या-दूध ठेवलं, आणि मी हळदकुंकू आणायला वळते न वळते तोच एका करड्या पिल्लाने थेट दुधाच्या वाटीत तोंड घातलं. मी घाईघाईने त्याला मानेऐवजी पोटाला धरून उचललं. ते बिचारं घाबरलं आणि त्याने माझ्या उजव्या हाताच्या पंजावर चांगलं बोचकारलं. दोन ओरखडे, त्यातल्या एकातून रक्ताचे दोन-तीन थेंब. आईने लगेच हळदीची चिमूट दाबली. सांगलीत हळदीला काय तोटा? आख्ख्या देशाला हळद पुरवणारी पेठ ही! ‘दाब घट्ट, दोन दिवसांत खूणही राहायची नाही,’ आई म्हणाली. मीही दाबली आणि पुरणाच्या दिंडांकडे वळले. इथे आम्ही दोघींनी मिळून किती चुका केल्या ते पुढे सांगते.

नारळीपौर्णिमेच्या सुमारास ओरखड्याच्या जागी एक लालसर पुटकुळी आली. दुखत नव्हती, खाजत नव्हती. डास चावला असेल म्हणून सोडून दिलं. मग गणपतीच्या तीन-चार दिवस आधी शाळेत फळ्यावर लिहिताना काखेत कळ आली. मी अर्धवेळ शिक्षिका आहे, रोज तीनच तास घेते, तेव्हा फार लिहिल्यामुळे असं होण्यासारखं काही नव्हतं. त्यात ब्लाऊज मुंढ्यात घट्ट लागायला लागला. वाटलं, वजन वाढलं. दुसऱ्या दिवशी न्हाताना साबणाचा हात काखेत गेला आणि एकदम थांबला. लिंबाएवढी गाठ!

त्या क्षणी माझ्या मनात कुठला शब्द आला ते तुम्हांला सांगायला नको. तुमच्याही मनात तोच आला असणार.

आणि मग मी काय केलं? काहीही केलं नाही. कुणाला सांगितलं नाही. ह्यांना नाही, सासूबाईंना नाही. गौरी-गणपती तोंडावर आले होते, घरात पाहुणे यायचे होते, फराळ व्हायचा होता. गौरी आणल्या, जेवू घातल्या, बोळवल्या. हळदीकुंकवाला बायका आल्या, त्यांच्याशी हसले-बोलले, आणि सगळा वेळ उजवा हात अंगापासून जरा लांब धरून वावरत होते. रात्री सगळे झोपले की गाठ चाचपून बघायची. कधी वाटायचं कमी झालीय, कधी वाटायचं दुप्पट झालीय. संध्याकाळी अंगात कणकण असायची, ती दगदगीवर ढकलत होते. मुलीच्या शाळेच्या वह्यांना कव्हरं घालताना एकदा उगीचच रडू आलं. बी. ए. झालेली, दुसऱ्यांच्या मुलांना शिकवणारी बाई मी, पण पंधरा दिवस अगदी अडाण्यासारखी वागले.

शेवटी सासूबाईंच्याच लक्षात आलं. वाळत घातलेले कपडे काढताना माझा हात वर जाईना. ‘बघू,’ म्हणाल्या. बघितलं आणि म्हणाल्या, ‘अगं, ही तर काखमांजरी! आमच्या लहानपणी कुणाकुणाला व्हायची. पोटीस बांधायचे.’ आता गंमत बघा. काखेत गाठ किंवा गळू आलं की त्याला आपल्याकडे जुनी माणसं काखमांजरी म्हणतात. मांजराचा तिथे संबंध काय, हे त्यांनाही सांगता आलं नाही. हाताला जखम झाली की काखेत आणि पायाला झाली की जांघेत अवधाण येतं, एवढं मात्र त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी विचारलंसुद्धा, ‘हाताला काही लागलं होतं का गं?’ मी ‘नाही’ म्हणाले! पाच आठवड्यांपूर्वीचा तो ओरखडा माझ्या डोक्यातून साफ गेलेला होता.

त्या दिवसापासून गोष्टी हलल्या. सासूबाईंनी ह्यांना सांगितलं, ह्यांनी मला थोडं रागे भरलं, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही दवाखान्यात गेलो. पितृपक्ष लागला होता. ‘असल्या कामाला पंधरवडा कसला पाळायचा!’ हेही सासूबाईच म्हणाल्या. आधी एक आठवडा गोळ्या झाल्या, त्याने फरक पडला नाही. मग सोनोग्राफी झाली, काखेची आणि स्तनांचीही. स्तनांत काही नाही म्हटल्यावर मी तिथेच खुर्चीत डोळे मिटून बसले. त्यानंतर सुई घालून गाठीतला थोडा अंश काढून तपासायला दिला. चार दिवसांनी अहवाल आला: कर्करोग नाही, पण ‘ग्रॅन्युलोमा’ आहे. म्हणजे शरीरातल्या लढाऊ पेशी कुठल्याशा शत्रूला घेरून पुंजक्याने जमल्या आहेत. आपल्या देशात असा पुंजका दिसला की पहिला संशय क्षयाचा. त्यात चूक काही नाही. क्षय फुफ्फुसातच होतो असं नाही, गाठींतही होतो. जुन्या काळची गंडमाळ ती हीच. मला सहा महिन्यांचं क्षयाचं औषध चालू करू या असं सुचवण्यात आलं.

मी ते सुरू करणार होतेच. पण भाऊ म्हणाला, आधी मिरजेला दाखवून घेऊ. आमच्या दक्षिण महाराष्ट्रात दुखणं अडलं की माणसं मिरज गाठतात, ही फार जुनी रीत आहे. विल्यम वानलेस या मिशनरी डॉक्टरांनी १८९४ साली तिथे रुग्णालय उभारलं, तेव्हापासूनची. गावात दवाखाने इतके की स्टेशनातून बाहेर पडल्यावर रिक्षावाला ‘कुठं जायचं’ विचारत नाही, ‘कुठल्या डॉक्टरकडं’ विचारतो.

तिथल्या वयस्कर डॉक्टरांनी कागद सगळे बघितले, पण बाजूला ठेवले. माझा उजवा हात हातात घेतला, बोटांपासून कोपरापर्यंत उलटसुलट करून बघितला. पंजावर पुटकुळी बसल्याचा फिकट डाग होता. त्यावर बोट ठेवून म्हणाले, ‘घरात मांजर आहे का?’

मी म्हणाले, ‘नाही.’ आई शेजारीच बसली होती. ती म्हणाली, ‘माझ्याकडं आहे.’ आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला.

तर मैत्रिणींनो, या दुखण्याचं नाव ‘कॅट स्क्रॅच डिसीज’, म्हणजे मांजर बोचकारल्याने होणारा ज्वर आणि गाठ. मांजराच्या नखात विष असतं असं आपण म्हणतो ते खरं नव्हे. खरा चोर असतो पिसू. मांजराच्या अंगावरच्या पिसवांमध्ये ‘बार्टोनेला हेन्सेली’ नावाचे जंतू असतात. पिसवांची विष्ठा मांजराच्या केसांत पडते, मांजर अंग खाजवतं तेव्हा ती नखांखाली जाते, आणि तेच नख आपल्या कातडीत रुतलं की जंतू आत. मांजर स्वतः बहुधा अगदी ठणठणीत असतं, त्यामुळे बघून काही कळत नाही. मोठ्या मांजरांपेक्षा वर्षाच्या आतली पिल्लं जास्त धोक्याची, कारण त्यांच्या रक्तात जंतू अधिक असतात आणि नखं आवरायची अक्कल अजून आलेली नसते. ओरखड्यानंतर तीन ते दहा दिवसांत पुटकुळी, आणि त्यानंतर एक ते तीन आठवड्यांत त्या बाजूची गाठ, हा याचा ठरलेला क्रम. माझ्या बाबतीत पंचांग लावल्यासारखा तो जुळला. एकाकडून दुसऱ्या माणसाला मात्र हा रोग लागत नाही. मी उगीच पंधरा दिवस मुलीला जवळ घेत नव्हते.

हा आजार मुलांचा म्हणून ओळखला जातो, कारण मांजरांशी खेळतात मुलं. पण मोठ्यांना होतो तेव्हा घोटाळा अधिक. बाईच्या काखेत गाठ आली की कर्करोगाची भीती, मानेत आली की क्षयाची. मांजराची आठवण ना रोग्याला होते ना वैद्याला. साठीच्या पुढच्या माणसांत तर कधीकधी गाठ येतच नाही, नुसता ताप रेंगाळत राहतो. क्वचित डोळ्याला त्रास होतो, एका डोळ्याने एकाएकी अंधूक दिसायला लागतं. आणि ज्यांच्या हृदयाच्या झडपा लहानपणीच्या सांधेतापाने बिघडलेल्या आहेत, किंवा ज्यांची प्रतिकारशक्ती कमी आहे (मूत्रपिंड बदललेले, कर्करोगाचं औषध चालू असलेले, एचआयव्ही असलेले), त्यांना हे जंतू गंभीर दुखणं आणू शकतात. अशा कुणाला मांजर बोचकारलं तर त्यांनी थांबू नये आणि डॉक्टरांना मांजराचं नाव आवर्जून सांगावं. बाकी निरोगी माणसांत बहुतेकदा हे दुखणं दोन-तीन महिन्यांत आपोआप जिरतं.

या रोगाची कुळकथा डॉक्टरांनीच सांगितली. मला अशा गोष्टींची आवड, म्हणून तुम्हांलाही सांगते. पॅरिसच्या रोबेर देब्रे यांनी १९५० साली याचं पहिलं नीट वर्णन केलं. पण जंतू कुठला ते कळेना. १९८३ मध्ये रोग्यांच्या गाठींत सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसले. त्याचं नाव-गाव पक्कं व्हायला १९९२ उजाडलं. नावातला ‘बार्टोनेला’ पेरू देशातल्या बार्टन नावाच्या डॉक्टरांवरून आला. आणि ‘हेन्सेली’? अमेरिकेतल्या ओक्लाहोमा इथल्या एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत डायान हेन्सेल नावाची तंत्रज्ञ काम करायची. तिने हे जंतू चिकाटीने गोळा केले, त्यांना तिचं नाव मिळालं. प्रयोगशाळेत नमुने सांभाळणाऱ्या बाईचं नाव शास्त्राच्या पुस्तकात जावं, हे मला फार आवडलं. जंतूला आपलं नाव मिळणं कितपत सुखाचं, हा प्रश्न निराळा!

माझं रक्त तपासणीला पाठवलं. त्यात या जंतूंविरुद्धची प्रतिद्रव्यं भरपूर निघाली. गाठीतल्या अंशाची क्षयासाठीची जनुकीय चाचणीही केली, ती कोरी आली. मग पाच दिवसांचं एक प्रतिजैविक दिलं, आणि सांगितलं की गाठीला चिरा द्यायचा नाही, शेकायचं-चोळायचं नाही, वाट बघायची. फारच पू झाला तर सुईने काढू. सहा महिन्यांच्या औषधाऐवजी पाच दिवसांचं! (औषधाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की कुणीतरी दुकानातून आणून घेणार, हे मला पक्कं माहीत आहे. आणि तुमची गाठ माझ्यासारखीच असेल कशावरून?)

आता त्या चुका. डॉक्टरांनी ओरखड्याची हकिकत विचारली तेव्हा मी हळदीचं सांगितलं. ते चिडले नाहीत, पण चष्मा काढून ठेवला. म्हणाले, ‘बाई, गाठीचं सोडा. रेबीजची लस घेतलीत का?’ मी गप्प. ‘पिसाळतं ते कुत्रंच, असं वाटलं का? मांजरापासूनही रेबीज होतो. आणि तो झाला की त्यावर औषध नाही.’ पिल्लू सहा आठवड्यांनंतरही धडधाकट उड्या मारत होतं, म्हणून त्या बाजूने आम्ही सुटलो. नाहीतर काय झालं असतं या विचाराने मिरजेहून येताना गाडीत कुणी कुणाशी बोललं नाही.

म्हणून हे नीट लक्षात घ्या. मांजर असो की कुत्रं, बोचकारलं किंवा चावलं तर पहिलं काम नळाखाली हात धरायचा आणि साबणाने धुवायचा. नुसतं खळखळून नव्हे, घड्याळ लावून पंधरा मिनिटं. भाताच्या कुकरच्या शिट्ट्या होऊन गॅस बंद करेपर्यंत म्हणा ना. हळद, चुना, तिखट, कॉफीची पूड, तेल, यातलं काहीही त्यावर दाबायचं नाही. हळदीबद्दल माझ्या मनात काही वाकडं नाही, सांगलीची लेक आहे मी. २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आम्ही पेढे वाटले होते. पण तिची जागा फोडणीत. धुऊन झालं की त्याच दिवशी दवाखाना. कातडीवर नुसता ओरखडा असेल, रक्त नसेल, तरी लस लागते. रक्त आलं असेल तर लशीच्या जोडीला जखमेत आणखी एक इंजेक्शन लागतं. लस दंडात देतात, पोटात चौदा इंजेक्शनांचा काळ कधीच गेला. सरकारी रुग्णालयात ती फुकट मिळते. जनावर पाळीव आहे, दहा दिवस बघू, मग ठरवू, असं करत बसू नका. लस सुरू करून मग बघा.

सगळ्यात कठीण भाग मात्र दवाखान्यातला नव्हता. घरी आल्यावर आईने भावाला सांगितलं, ‘मनीला आणि पिल्लांना पोत्यात घाल आणि पुलापलीकडं सोडून ये.’ ती कठोरपणे बोलली, पण तिचे हात थरथरत होते. माझ्या लेकीला तुझ्यामुळे झालं, असं ती मनीकडे बघून म्हणत होती, आणि खरं तर स्वतःला म्हणत होती. बाबा गेल्यापासून त्या घरात रात्री हालचाल करणारा तेवढाच एक जीव. मी सांगितलं, मांजर टाकायचं नाही, डॉक्टरांनीही टाका असं म्हटलेलं नाही. पिसवा घालवायच्या, माणसं आणि मांजरं दोन्ही राहतील. तरी तिने आठवडाभर मनीला घरात घेतलं नाही. दूध मात्र पायरीवर ठेवत होती.

पिसवा आहेत की नाही हे बघायची एक सोपी तऱ्हा आहे. पांढरं फडकं ओलं करून पसरा, मांजराला त्यावर उभं करा आणि उवांच्या बारीक फणीने पाठीवरून, विशेषतः शेपटीच्या मुळाशी विंचरा. काळे कण पडले आणि ओल्या फडक्यावर त्यांचा तांबूस डाग उमटला, तर ती पिसवांची विष्ठा. फणीत सापडलेल्या पिसवा साबणाच्या पाण्यात बुडवा, चिरडू नका. जनावरांच्या डॉक्टरांकडून मानेवर सोडायचं थेंबाचं औषध आणा. मात्र कुत्र्यासाठीचं औषध मांजराला कधीही लावायचं नाही, त्यातल्या काहींमध्ये परमेथ्रिन असतं आणि त्याने मांजर मरतं. रॉकेल, डांबरगोळ्यांची पूड, फिनेल हे उपायही मांजराच्या जिवावर बेततात. मांजर अंग चाटतं, म्हणजे जे वर लावाल ते पोटात गेलंच. तापाची आपली गोळी तर त्याला चुकूनही देऊ नका. मांजर झोपतं ती गोधडी, पोती गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात घाला. फरशीच्या भेगा, कपाटाखालची धूळ दर दोन दिवसांनी काढा, कारण पिसवांची अंडी तिथेच असतात. पावसाळ्यात त्यांचा सुळसुळाट जास्त. मुलांना हाताच्या बोटांनी मांजराशी खेळू देऊ नका, सुतळीला कागदाचा बोळा बांधून द्या. उघड्या जखमेवर मांजराला चाटू देऊ नका. घरात कुणी गरोदर असेल तर तिने मांजराची घाण काढायची नाही. त्यातून होणारं दुखणं निराळं, त्यावर पुन्हा कधीतरी लिहीन.

माझी गाठ नवरात्रात मऊ पडली, दिवाळीपर्यंत वाटाण्याएवढी राहिली, आणि संक्रांतीच्या वाणाच्या वेळी मी बाही सैल न करता जुना ब्लाऊज घातला.

करड्या पिल्लाला भाऊ विश्रामबागेत घेऊन गेला. बाकीची दोन शेजाऱ्यांकडे दिली. मनीची शस्त्रक्रिया करून घेतली. आई दर रविवारी तिला फणीने विंचरते. नखं कापायचं काम मात्र माझ्याकडे आहे, महिन्यातून एकदा, सांगलीला गेले की. नखाचं नुसतं टोक काढायचं, आतली गुलाबी रेघ सोडून. मांजराला टॉवेलमध्ये गुंडाळून एकच पंजा बाहेर ठेवायचा आणि दुसऱ्या कुणीतरी तिच्या मानेवरून हात फिरवत राहायचं. आई हात फिरवते आणि सारखी मला बजावते, ‘अगं, हळू. तिला दुखेल.’